आतड्यातला जीएलपी-१ हार्मोन अन् आपलं ताट : भूक आणि शुगर आवरायची रीत

आपल्याकडे जरा अशक्तपणा वाटला की माणूस सरळ दवाखान्यात जाते अन् म्हणते, डॉक्टर एक सलाईन लावून द्या. त्या सलाईनमधे पुष्कळदा ग्लुकोज असते. आता हेच ग्लुकोज शिरेतून दिलं आणि तोंडाने पाजलं तर शरीरात फरक पडतो का, हे १९६४ मधे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं, तर तोंडाने दिलेल्या ग्लुकोजनं इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर आवरणारा हार्मोन, बरंच जास्त निघालं. साखर तीच, पण वाट वेगळी. म्हणजे अन्न आतड्यात पोचलं की आतडंच स्वादुपिंडाला निरोप धाडते, की साखर येऊन राहिली, तयारीत राहा. शिरेतून गेलेल्या ग्लुकोजला आतडं लागतच नाही, म्हणून तो निरोपही जात नाही.

हा निरोप नेणारे मुख्य हार्मोन दोन, जीआयपी आणि जीएलपी-१. मी इथं जीएलपी-१ बद्दलच लिहितो, कारण आपल्या ताटात काय आहे आणि आपण ते कोणत्या क्रमाने खातो याचा त्याच्यावर परिणाम होते, आणि ज्या घरात शुगरचा पेशंट आहे त्या घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या बाईला तर हे कळलंच पाहिजे असं मला मनापासून वाटते. २०२३ मधे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले, देशात १० कोटींवर लोकांना डायबिटीस आणि साधारण १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर. हे फक्त शहरातले लोक नाहीत, आपल्या गावातही आता गल्लीगल्लीत एक तरी शुगरवाला आहे.

जीएलपी-१ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्यात असलेल्या एल-पेशी तयार करतात. तो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पण रक्तात साखर वाढलेली असेल तेव्हाच, साखर नॉर्मल असली की तो जोर लावत नाही, ही त्याची फार मोठी गोष्ट आहे. लिव्हरमधून साखर बाहेर काढणारा ग्लुकागॉन नावाचा हार्मोन असते, त्याला तो दाबते. पोटातलं अन्न पुढं सरकायचा वेग कमी करते, म्हणून साखर रक्तात एकदम न चढता हळूहळू चढते. आणि मेंदूला कळवते की झालं आता, पोट भरलं. भूक लावणारा हार्मोन वेगळा, त्याचं नाव घ्रेलिन, तो जठरातून निघते आणि जेवणाच्या आधी वाढलेला असते.

अडचण एकच, आपल्या शरीरातला जीएलपी-१ टिकत नाही. डीपीपी-४ नावाचं एक एन्झाइम त्याला तोडते आणि दोनेक मिनिटात निम्मा संपून जाते. म्हणून तो जेवताना वेळेवर निघाला पाहिजे, आणि तेवढं आपल्या हातात आहे.

सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे ताटातला क्रम बदला. पदार्थ तेच ठेवा, वेगळं काही आणायचं नाही. आपण बसलो की पहिला घास भाकर नाहीतर पोळीचा घेतो, आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे तर सरळ भातच कालवतो. त्याऐवजी आधी भाजी आणि वरण खायचं, भाकर-भात नंतर. २०१५ मधे न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी डायबिटीसच्या पेशंटवर हे करून पाहिलं होतं, एकदा ब्रेड आणि ज्यूस आधी, एकदा भाजी आणि चिकन आधी अन् ब्रेड १५ मिनिटांनी, तर दुसऱ्या क्रमाने जेवल्यावर अर्ध्या तासानं शुगर २९ टक्के आणि एक तासानं ३७ टक्के कमी भरली. पेशंट फक्त ११ होते, म्हणून आकडा दगडावरची रेघ समजू नका, पण नंतरच्या अभ्यासांतही कल असाच दिसला.

आता हे घरी कसं करायचं, तर संध्याकाळचं जेवण घेऊ. ताटात ज्वारीची भाकर, चून म्हणजे पिठलं, आंबाडीची भाजी, तुरीचं वरण आणि मुळा-कांदा आहे. आधी मुळ्याच्या फोडी अन् कांदा चावून खा. मग वरण वाटीत घ्या, पातळ पाणी नको, जाड वरण, सांभार म्हणजे कोथिंबीर घालून, आणि वाटी चमच्याने किंवा ओरपून संपवा, भाकर न लावता. मग आंबाडीचे दोन-चार घास तसेच. एवढं झालं की भाकर मोडा आणि उरलेल्या भाजीशी, चुनाशी खा. १५ मिनिटं घड्याळ लावून बसायची गरज नाही, वावरातून थकून आलेल्या माणसाला तसं बसवणंही बरोबर नाही, पण भाकर सुरू व्हायच्या आधी पोटात डाळ आणि भाजी गेलेली असली पाहिजे. बहुतेक लोकांना असं जेवल्यावर दोनच्या जागी दीड भाकरीतच पोट भरल्यासारखं वाटते, आणि तिथं थांबायचं, कोणी आग्रह केला तरी थांबायचं.

भातवाल्यांनी आधी शेंगांची भाजी, नाहीतर तलावाची मासोळी खाणारे असाल तर मासोळीचा तुकडा आधी, आणि भाताचा ढीग ताटाच्या मधोमध न ठेवता बाजूला थोडा वाढायला सांगा. अंडं, दही, पनीर, काहीही प्रोटीनचं आधी गेलं तरी चालते.

आता डाळीवर थोडं जास्त लिहितो, कारण आपला भाग तुरीचा अन् हरभऱ्याचा आहे, पण घरात वरण मात्र दिवसेंदिवस पातळ होऊन राहिलं. डाळीत प्रोटीन आहे, आणि तंतू म्हणजे फायबरही आहे. प्रोटीननं जीएलपी-१ लगेच सुटायला मदत होते, आणि तंतू पचत नाही तो मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू त्याला आंबवतात, त्यातून जी आम्लं तयार होतात ती एल-पेशींना चाळवतात. म्हणजे दुपारी खाल्लेली गवार, बरबटी, मोट, हरभरा यांचं काम कित्येक तासांनंतरही चालू असते. थंडीत ओल्या तुरीचे सोले येतात तेव्हा ते भरपूर खा, सोलेभाजी नुसती वाटीत घेऊन खाल्ली तरी पोट भरते. जवसाची चटणी रोज ताटात असू द्या. ज्वारी दळताना पीठ फार बारीक करू नका, आणि कोंडा चाळून टाकू नका, तो आतड्यातल्या जंतूंच्या कामाचा आहे. ज्यांना एवढं तंतूचं खायची सवय नाही त्यांनी हळूहळू वाढवा, एकदम वाढवलं की पोट फुगते अन् मग माणूस दोन दिवसात सोडून देते. पाणीही सोबत वाढवा.

दुसरी गोष्ट, सावकाश जेवा. ग्रीसमधल्या एका अभ्यासात लोकांना तेवढंच आईस्क्रीम एकदा ५ मिनिटात आणि एकदा ३० मिनिटात खायला दिलं, तर हळू खाल्लं तेव्हा जीएलपी-१ आणि पीवायवाय नावाचा दुसरा पोटभरीचा हार्मोन, दोन्ही जास्त निघाले. आपल्याकडे वेचणीच्या दिवसात बांधावर बसून पाच मिनिटात शिदोरी संपवतात ते मजबुरीनं, पण घरी मोबाईल बघत तसंच भराभर गिळायला तर काही मजबुरी नाही.

सकाळचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटते. उठल्याबरोबर रिकाम्या पोटी गोड चहा अन् त्यात टोस्ट बुडवून, म्हणजे साखर आणि मैदा दोन्ही एकदम, पोटात थांबवायला प्रोटीन नाही की तंतू नाही, ते पटकन रक्तात उतरते आणि तासाभरात परत भूक. चहा सुटणार नसेल तर साखर कमी करा आणि आधी मूठभर भिजवलेले चणे किंवा फुटाणे-शेंगदाणे खा. पोहे करायचे तर त्यावर चण्याची तर्री जास्त, पोहे कमी.

पंगतीत गेलं तर बुंदी आधी वाढतात. ती ताटात राहू द्या, हात लावू नका, आधी वांग्याची भाजी अन् वरण, मग पोळी, बुंदी शेवटी चव म्हणून. आणि जेवण झाल्यावर तिथंच खुर्चीवर बसून न राहता १०-१५ मिनिटं चाला, त्याचा जीएलपी-१ शी फार संबंध नाही, चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर सरळ ओढून घेतात, पण फायदा तुमच्याच शुगरला आहे.

हे खरंच काम करते का ते तुमच्या अंगावरच तपासा. ग्लुकोमीटर असेल तर एक दिवस नेहमीसारखं जेवा, जेवायच्या आधी अन् पहिल्या घासापासून दोन तासांनी शुगर पाहा. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, तेवढंच, फक्त क्रम बदलून, आणि परत तसंच पाहा. गोळ्यांची वेळ दोन्ही दिवस सारखी ठेवा. बोट टोचायच्या आधी हात साबणानं धुवून कोरडे करा, बोटाला गूळ-साखर लागलेली असली की मशीन आकडा वाढवून दाखवते. मशीन नसेल तर आशाताईला विचारा, ३० वर्षांवरच्या लोकांची शुगर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आली, नाहीतर एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ६.५ किंवा जास्त आली, तर डॉक्टरकडे जाऊन पक्कं करून घ्या. १०० ते १२५ असेल तर तुम्ही उंबरठ्यावर आहात, आणि ताट बदलायची हीच वेळ आहे.

आता औषधांचं. तुमच्या गोळीच्या पत्त्यावर सिटाग्लिप्टीन, विल्डाग्लिप्टीन, टेनेलिग्लिप्टीन असं ग्लिप्टीननं संपणारं नाव असेल, तर ती गोळी त्या डीपीपी-४ एन्झाइमला अडवते, म्हणजे तुमचाच जीएलपी-१ जास्त वेळ टिकते. तुम्ही आधी डाळ-भाजी खाऊन जो हार्मोन काढला त्यालाच ही गोळी राखते, म्हणून ही गोळी चालू असली तरी ताटाचं काम संपत नाही. २०२५ मधे भारतात मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं आली, आठवड्यातून एकदा घ्यायची. वेगोव्हीत सेमाग्लुटाइड आहे, जीएलपी-१ सारखंच पण आठवडाभर टिकणारं, आणि मौंजारो जीआयपीचंही काम करते. वजन खरंच उतरते, पण मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ होऊ शकते, बंद केल्यावर वजन पुष्कळदा परत येते. कोणी ओळखीच्यानं आणून दिलं म्हणून टोचून घेऊ नका, त्याचा डोस हळूहळू वाढवावा लागते आणि थायरॉइडच्या एका प्रकारच्या कॅन्सरचा इतिहास घरात असेल तर ते चालत नाही, हे सगळं डॉक्टरनं विचारूनच द्यायला पाहिजे. इंजेक्शन चालू असताना पोटात जोरात दुखून पाठीपर्यंत गेलं आणि उलट्या थांबत नसतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि ग्लिमेपिराइड नावाची शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. ही औषधं साखर कमी असली तरी काम करतच राहतात, म्हणून गोळी घेऊन उपाशी वावरात जाऊ नका, आणि भाकर एकदम अर्ध्यावर आणायची असेल तर आधी डॉक्टरला सांगून डोस बघून घ्या. थरथर, घाम, डोळ्यापुढं अंधारी आली तर तिथं क्रमबिम काही पाहायचा नाही, तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या, १५ मिनिटांनी परत शुगर पाहा, मशीन नसेल अन् बरं वाटत नसेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्या आणि नंतर जेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. किडनीचा त्रास असलेल्यांनी डाळ आणि प्रोटीन किती खायचं ते आपल्या डॉक्टरला विचारूनच वाढवा.