नकाशावर अक्राणी कोरी का राहते? निसर्गनोंदींसाठी माणसं जमवताना या चुका टाळा

खानदेशात पक्षीगणना जाहीर झाली की नावं येतात ती जळगाव-धुळ्याच्या डॉक्टरांची, प्राध्यापकांची, मोठ्या लेन्सवाल्यांची. मंडळी मेहनती आहेत, वादच नाही. पण नोंदी मग हतनूर धरणाच्या काठावर साचतात आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्याचे पाडे कोरे राहतात.

पहिली चूक: कोरं म्हणजे तिथं काही नाही, असं धरणं. रानपिंगळा आठवा. १८८४ नंतर या घुबडाची खात्रीची नोंदच नव्हती. १९१४ साली गुजरातेत मिळाला म्हणून मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने दाखवलेला नमुना चोरीचा, चिठ्ठी बदललेला निघाला. तोवर त्याच्या भरवशावर शोध भलतीकडे चालले होते. १९९७ मध्ये पक्षी सापडला तो आपल्या शहाद्याजवळ.

दुसरी चूक: शहराच्या सोयीचं वेळापत्रक. फेब्रुवारीतले गणनेचे चार दिवस जगभर ठरलेले असतात. त्या सुमारास नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत असतात. यादी आली नाही म्हणून "त्यांना रसच नाही" म्हणणारे मी बैठकांत ऐकलेत. अहो, माणूस गावात तर हवा!

त्यापेक्षा लोक जे काम करतातच, त्याला नोंद जोडा. मार्च-एप्रिलात बाया पहाटे मोह वेचायला जातात. कोणतं झाड आधी गळतं, कोणत्याला यंदा उशीर झाला, हे त्यांना तोंडपाठ असतं. झाडांच्या ऋतुबदलांची नोंद ठेवणाऱ्या सीझनवॉच उपक्रमात हेच तर हवं असतं: ठरलेलं एकच झाड, दर आठवड्याला पालवी-फुलं-फळं. कार्यशाळेत शिकवावं लागतं ते इथं पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. उद्घाटनाच्या फोटोपुरत्या बाया बोलावण्यापेक्षा हे बरं. मात्र दिवसभर थांबवणार असाल तर बुडालेली मजुरी द्या.

तिसरी चूक: "ॲप टाका, झालं." रेंज नसली तरी पक्षीनोंदींच्या ई-बर्ड ॲपवर यादी करता येते, नंतर पाठवता येते. अडचण वेगळीच असते: घरात स्मार्टफोन एकच आणि तो पोराच्या खिशात. गटात एक फोन, बाकीच्यांना चित्रांचा छापील कागद पुरतो. कुणी काय पाहिलं ते यादीच्या शेऱ्यात नावानिशी लिहा.

चौथी चूक: चुकेल म्हणून नव्या माणसाला गप्प बसवणं. पक्ष्याची जात ओळखता आली नाही तर नुसतं "घुबड" एवढी नोंदही ई-बर्डवर चालते. पावरी, मावची किंवा अहिराणी बोलीत सांगितलेलं नाव तसंच लिहून घ्या आणि सांगणाऱ्याला शेजारी बसवून चित्रांशी जुळवा. घरी जाऊन एकट्याने जुळवलेल्या नावांत घोळ होतात.

आणि पहिल्या वर्षी आलेली माणसं दुसऱ्या वर्षी येत नसतील, तर त्यांच्या नोंदींचं काय झालं ते पाड्यावर जाऊन कुणी सांगितलं का, एवढं आधी तपासा. पीडीएफ ग्रुपवर टाकली, हे उत्तर धरू नका.