समोरच्या गाडीला विमाच नाही? या चुका टाळा

सिग्नलला मागून कुणी ठोकलं की आपण म्हणतो, "चूक त्याची, पैसे त्याच्या इन्शुरन्समधून येतील." पण त्याचा इन्शुरन्स असेल तर ना! मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 प्रमाणे थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा, सक्तीचा आहे, तरी जुन्या दुचाक्यांचे विमे सर्रास संपलेले असतात. पकडला गेला तर पहिल्या खेपेला 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमचा बंपर त्यातून बदलून मिळत नाही.

तिथे कामाला येतो तुमचाच ओन डॅमेज विमा, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा, आणि नेमका तोच संपलेला निघतो. सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, ओन डॅमेज मात्र बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. "तीन वर्षांची पॉलिसी आहे" म्हणून माणूस निर्धास्त! आत्ता पॉलिसी उघडा. दोन्हींच्या मुदतीच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात. ओन डॅमेजची बघा.

दुसरी चूक म्हणजे "जाऊ द्या हो" म्हणत जागेवरच मिटवणं. निदान नंबरप्लेट दिसेल असे फोटो काढा आणि सरकारच्या एमपरिवहन ॲपवर त्या गाडीच्या विम्याची मुदत तपासा. क्लेम करायचा असेल तर कंपनीला लगेच कळवा. नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने बघण्याआधी गाडी खोलायला देऊ नका. किरकोळ पोचा मात्र खिशातून काढलेला परवडतो. क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि तो 50 टक्क्यांपर्यंत साचलेला असू शकतो.

कुणी जखमी असेल तर तडजोडीचं नावही काढू नका. पोलिसांत नोंद, पंचनामा आणि सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज. विमा नसला तरी चालक आणि मालक भरपाई द्यायला बांधील असतात; वसुलीला चपला झिजतात, हेही खरं. मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपयांची हिट अँड रनची सरकारी मदत इथे मागू नका. ठोकणारी गाडी सापडलीच नाही तर ती असते.

स्वतःचं काय? कार चालवणाऱ्या मालकासाठी 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. हप्ता कमी दिसावा म्हणून एजंट तो काढून टाकतो का, हे सही करण्याआधी विचारा.