थंडीत दाराला फट दिसली तर लगेच लांबी (पुट्टी) भरू नका

गोव्यात कसली आलीय थंडी, असं घाटावरचे पाहुणे हसून म्हणतात, आणि पणजीत जानेवारीतसुद्धा पहाटेचा पारा 20 च्या आसपासच असतो हे खरंय. पण दाराला थंडीपेक्षा कोरडी हवा जास्त बाधते. पावसात चार महिने ओल पिऊन फुगलेलं लाकूड डिसेंबरात आकसायला लागतं, त्यात आमच्या डिचोली-सत्तरीकडे पहाटे दव आणि दुपारी कोरडा वारा, म्हणजे एकाच दिवसात भिजणं पण आलं आणि सुकणं पण.

माझा गाढवपणा आधी सांगतो. ऑगस्टमध्ये पुढचं दार लागेना, खांदा लावून ढकलायचो, शेवटी मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलावून कडीच्या बाजूने मस्त रंधा मारून घेतला. जानेवारीत त्याच फटीतून पाली आत-बाहेर करायला लागल्या. मग हुशारी करून फटीत पट्टी ठोकली, तर जूनमध्ये दार परत अडकलं! लाकूड उभं जवळजवळ हलत नाही, आडवंच फुगतं आणि आकसतं, म्हणून सगळा घोळ कडीच्या बाजूलाच होतो. तेव्हा पावसात घासतं तिथे नुसती पेन्सिलची खूण करून ठेवायची, आणि थंडीतही तिथेच घासत असेल तरच थोडंसं तासायचं.

जुन्या सागवानी किंवा फणसाच्या दाराला मधे फळ्या बसवलेल्या असतात ना, त्यांच्या कडेला या दिवसांत कोऱ्या लाकडाची एक फिकट रेघ दिसते. ती फळी आकसलीय, बिघडलेलं काही नाही. त्या खाचेत लांबी किंवा फेव्हिकॉल अजिबात भरू नका, फळीला हलायला जागा मिळाली नाही की ती मधूनच चिरते. त्या रेघेवर रंगाचा हात फिरवायचा, बास.

रंग-पॉलिशचं काम करायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी, कारण लाकूड तेव्हाच नीट कोरडं मिळतं. फक्त सकाळी दव उडाल्यावर, नऊ-दहाला सुरू करा आणि चारच्या आत आटपा, नाहीतर ओल्या रंगावर रात्रीचं दव बसतं आणि सकाळी तो पांढुरका पडलेला दिसतो.

आणि खालची कड! ती कोणीच रंगवत नाही. छोटा आरसा जमिनीवर ठेवून बघा, बहुतेक घरांत तिथे कोरं लाकूडच दिसेल. लाकडातल्या उभ्या रेषांची तोंडं तिथे उघडी असतात, पाणी तिथूनच चढतं, आणि आपण रोज उंबरठा धुऊन रांगोळी काढतो ते पाणीही तिथेच. दार बिजागरीतून काढून खालची-वरची कड दोन हात मारून घ्या, पुढच्या पावसात दार कितीतरी कमी फुगेल.

जवसाचं तेल लावत असाल तर पातळ हात द्या आणि अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून काढा. पुसलेला फडका मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, हे तेल सुकताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. बाहेर तारेवर उलगडून वाळवा, मगच टाका.

शेवटचं कुलूप. आमच्याकडे कुरकुर ऐकली की आई खोबरेलाची बाटली घेऊन येते. पण खोबरेल 24 अंशांखाली थिजतं, बाटलीत थिजतं तसंच कुलपातही, वर धूळ चिकटते आणि सकाळी चावी फिरता फिरत नाही. बिजागरीला मशीनचं तेल दोन थेंब, आणि कुलपात पेन्सिलीच्या शिशाची पूड. चावीवरच पेन्सिल घासून दोन-चारदा आत-बाहेर केली तरी काम होतं, आणि आईला बाटली परत स्वयंपाकघरात न्यायला सांगता येतं.