नाईट शिफ्ट सुटल्यावर सिंहगड कसा करायचा

नाईट शिफ्टवाल्यांना एक सुख आहे जे दिवसा काम करणाऱ्यांच्या वाट्याला फारसं येत नाही. वर्किंग डेला सकाळी साडेसातला गडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीत उभं राहायचं आणि समोर गड जवळजवळ मोकळा. रविवारी याच वाटेवर माणसामागे माणूस असतो, मधेच कोणाचा तरी स्पीकर वाजत असतो, आणि बुधवारी तिथेच बुलबुल ओरडतो ते ऐकू येतं. मी राहायला धायरीला, रात्रपाळी करून चार वर्षं झाली, महिन्यातून दोनतीनदा तरी शिफ्ट सुटली की गड करून येतो. टीममधले सारखे विचारतात की रात्रभर जागून हे जमतं कसं, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढतोय.

सगळ्यात आधी झोपेचं बोलू. चढण्याचं टेन्शन घेऊ नका, जागरण झालेलं असलं तरी चढताना शरीर साथ देतं, धोका असतो तो उतरताना आणि त्याहून जास्त घरी परतताना. सुरुवातीला एकदा मी शिफ्टवरून थेट बाईक काढली, गड झकास झाला, आणि येताना खडकवासल्याच्या पुढे चालत्या बाईकवर डोळा लागला. क्षणभरच. डोळे उघडले तेव्हा पुढचं चाक कडेच्या खडीत उतरलेलं आणि मागचा टेम्पोवाला हॉर्न दाबून धरलेला, त्या हॉर्ननेच वाचलो. त्या दिवसापासून रात्रपाळी करून गडावर जायचं तर स्वतः गाडी चालवायची नाही हा नियम केलाय आणि तुम्हीही तो पाळा ही कळकळीची विनंती. स्वारगेटहून पीएमपीएमएलची सिंहगड पायथ्याची बस मिळते, खिडकीजवळ बसून मान टाकली की तेवढीच झोपही होते. बस नको असेल तर रिक्षा करा, नाहीतर रात्री पूर्ण झोप झालेला कोणी मित्र असेल तर त्याला गाडी चालवायला घ्या आणि वर गेल्यावर नाश्ता तुमच्याकडून.

निघायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी काढा, ऑफिसातच काढली तरी चालेल. पण अलार्म लावून, कारण तास-पाऊण तास झोपलात तर उठल्यावर डोकं जड होतं आणि पुढचा अर्धा तास पाय कुठे पडतोय ते कळत नाही. आणि पहाटे चारनंतर चहा-कॉफी बंद. कॉफीचा असर पाच-सहा तासांनीसुद्धा निम्मा उरलेला असतो, मग बाराला अंथरुणावर पडून छताकडे बघत बसायची वेळ येते. ज्या दिवशी शिफ्टमध्ये फार दगदग झाली असेल, डोकं दुखत असेल, त्या दिवशी सरळ घरी जा, गड कुठे पळून जात नाही.

आता वेळेचा हिशोब. माझी शिफ्ट सहाला सुटते. साडेसात ते आठच्या मधे चढायला सुरुवात, सव्वा तासात वर, वर पाऊण तास, उतरायला एक तास, म्हणजे अकराच्या आत पायथ्याला आणि बाराच्या सुमारास घरी. त्याच रात्री परत शिफ्ट असली तरी सहा-सात तास झोप मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे गणित मस्त बसतं. मार्चनंतर मात्र नऊलाच ऊन चटका द्यायला लागतं आणि वाटेवर सावली कमी, तेव्हा एप्रिल-मेमध्ये रात्रपाळी करून हा प्रकार करू नका, जागरण आणि ऊन मिळून पित्त असं खवळतं की पुढचा सगळा दिवस वाया जातो.

गड समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर आणि आतकरवाडीपासून चढ ६०० मीटरच्या आसपास. ऐकायला सोपं वाटतं पण ही वाट उगाच लांबलांब फिरवत नाही, बऱ्यापैकी सरळ अंगावर येते. नवीन लोक काय करतात, पहिली दहा मिनिटं जोरात जातात, मग धापा टाकत दगडावर बसतात, आणि मग प्रत्येक वळणावर बसतात. पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू चाला, इतकं हळू की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, श्वास लागला की थांबू नका, फक्त पाऊल छोटं करा. छाती भरून आली, चक्कर आली, डोळ्यापुढे अंधारी आली तर मात्र तिथेच बसायचं, पाणी प्यायचं आणि बरं वाटलं की खाली उतरायचं, जिद्द करायची नाही. एकटे असाल तर घरी कोणाला तरी सांगून जा की अकरापर्यंत फोन करतो म्हणून, आणि तातडीच्या मदतीचा ११२ नंबर लक्षात असू द्या.

सॅक छोटी घ्या. दोन लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर घालून. टोपी. खायला शेंगदाण्याची चिक्की, दोन केळी, नाहीतर घरची गूळपोळी असेल तर बेस्ट. वर झुणका-भाकर, कांदाभजी, मडक्यातलं दही मिळतं खरं, पण वर्किंग डेला सकाळी चूल पेटलेली असेलच असं नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर उपाशी जाऊ नका, रात्रभर जागलेल्याला तर पोटात काहीतरी हवंच. बूट मात्र ग्रिपवाले पाहिजेत. ऑफिसचे गुळगुळीत सोलचे बूट घालून येणारे मी पाहिलेत आणि उतरताना त्यांचे हालही पाहिलेत. अ‍ॅक्शनचे ट्रेकिंगचे बूट सह्याद्रीत वर्षानुवर्षं लोक वापरतायत, महाग नाहीत आणि दगडावर पकड चांगली, एक जोड ऑफिसच्या लॉकरमध्येच ठेवून द्या. आणि अंगावर परफ्यूम मारू नका, डोंगरात आग्यामोहोळं असतात, उग्र वासाने माश्या चवताळतात. माकडं आहेत, त्यांच्यासमोर सॅक उघडायची नाही.

वर पुणे दरवाज्यातून आत शिरलात की लोक सरळ खायला जातात. माझं म्हणणं, आधी तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी जा, दोन मिनिटं उभे राहा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे दोर लावून कडा चढले, आणि आपण पायवाटेने आलोय, तेही बाटलीतलं पाणी पीत पीत. हे दर वेळी मनात येतं आणि दर वेळी अंगावर काटा येतो. वेळ उरला तर कल्याण दरवाज्याकडे जा, तिथून हवा स्वच्छ असेल तर राजगड आणि तोरणा दोन्ही दिसतात, वारा असा येतो की रात्रभर स्क्रीन बघून जळजळणारे डोळे गार होतात. मी तिथे बूट काढून बसतो, मोजे उलटे करून उन्हात टाकतो. पण आडवं पडायचं नाही हां, पडलात की संपलं, उठवत नाही.

उतरणीबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथेच सगळे पडतात. हिवाळ्यात वाट कोरडी होते आणि दगडावर मुरूम पसरतो, बारीक गोल खडे, त्यावर टाच टेकली की पाय सटकन पुढे जातो. म्हणून टाच आधी टेकायची नाही, गुडघा थोडा वाकवून अख्खा तळवा एकदम ठेवायचा, पाऊल छोटं, आणि जमेल तिथे वाटेच्या कडेला गवताच्या बुंध्यावर नाहीतर जमिनीत रुतलेल्या दगडावर पाय द्यायचा. एखादा रोजचा गडी पळत उतरताना दिसला तर डोंगराच्या बाजूला सरकून त्याला जाऊ द्या, दरीच्या बाजूला सरकू नका. पावसाळ्यात मुरमाची जागा शेवाळ घेतं, तेव्हा काठी हवीच, आणि रात्रपाळीनंतर भर पावसात पहिल्यांदाच जात असाल तर माझ्या मते जाऊच नका.

खाली आल्यावर एक ग्लास ताक किंवा लिंबू सरबत, चहा नाही. बसमध्ये गॉगल घालून बसा, डोळ्यांवर कमी उजेड पडला की घरी झोप लवकर लागते. घरी गरम पाण्याने अंघोळ, पोटऱ्या जरा चोळायच्या, थोडा दहीभात, पडदे ओढायचे आणि फोन सायलेंटवर. आमच्याकडे आईला आधी सांगून ठेवतो, ती दाराच्या बेलचं बटण बंद करते आणि कुरियरवाल्याला शेजारच्या काकूंकडे पाठवते. सातला ती उठवते तेव्हा पहिला प्रश्न एकच असतो, वर हवा कशी होती रे आज.