तेलाचा ठसा वाचताना या चुका टाळा

शेजारच्या दोन विहिरी एकाच साठ्यातून तेल उपसताहेत, की मध्ये एखादा भ्रंश (खडक तुटून सरकल्याची भेग) आडवा आलाय? पुढची विहीर कुठे खोदायची आणि दाब टिकवायला पाणी कुठून सोडायचं, हे सगळं या उत्तरावर ठरतं. गॅस क्रोमॅटोग्राफीने (घटक वेगवेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने) काढलेला तेलाचा ठसा, म्हणजे तेलात कोणता घटक किती आहे याचा आलेख, हे उत्तर नव्या विहिरीच्या मानाने फारच कमी खर्चात जवळ आणून देतो. तोच चुकीचा वाचला गेलेला पाहिला की वाईट वाटतं, कारण बहुतेक चुका टाळता येण्यासारख्या असतात.

सुरुवात बाटलीपासून होते. अर्ध्या भरलेल्या प्लास्टिकच्या डब्यात तेल आठवडाभर पडून राहिलं की हलके घटक उडून जातात आणि विहिरींमधला फरक म्हणून आपण डब्यांमधला फरक मोजत बसतो. काचेची बाटली, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण आणि थंड जागा एवढं तरी हवंच. लेबलवर विहीर, थर आणि तारखेबरोबर नमुना वेलहेडवर (विहिरीच्या तोंडाशी) घेतला की सेपरेटरवर (तेल, वायू आणि पाणी वेगळं करणाऱ्या टाकीवर), आणि तेव्हा विहिरीत कोणती रसायनं सोडलेली होती, हेही लिहा.

खोदताना ऑइल-बेस मड (तेलात कालवलेला खोदकामाचा चिखल) वापरला असेल तर त्याचं मूळ तेलही मशीनवर चालवून पाहा. सिंथेटिक मडचे काही मोजकेच, उंच शेंडे (आलेखावरचे एकेका घटकाचे टोकदार उंचवटे) नमुन्यात एकटे उभे दिसतात. आलेख उघडला की ते लगेच ओळखू येतात, पण नुसता आकड्यांचा तक्ता पाहणाऱ्याच्या ते लक्षात येत नाहीत. म्हणून आधी आलेख पाहा, मग तक्ता.

प्रिस्टेन (फांद्या असलेल्या साखळीचा घटक) आणि सी-17 अल्केन (सतरा कार्बनच्या सरळ साखळीचा घटक) यांचं गुणोत्तर एका विहिरीत जास्त आलं म्हणून ‘हे तेल वेगळ्या स्रोतखडकाचं (ज्या खडकात तेल तयार झालं त्याचं)’ असं लगेच म्हणू नका. साधारण 80 अंश सेल्सिअसपेक्षा थंड साठ्यात जिवाणू सरळ साखळीचे अल्केन आधी खातात, प्रिस्टेन आणि त्याच्यासारखाच फायटेन मागे राहतात आणि गुणोत्तर आपोआप चढतं. होपेन आणि स्टेरेन हे कड्यांच्या रचनेचे घटक जास्त काळ टिकतात, त्यामुळे स्रोत एकच आहे का हे त्यांच्यावरून तपासा.

सर्वांत महाग पडणारी चूक मात्र गणिताची आहे. दोन थरांचं तेल एकाच नळीतून वर येतं आणि कोणत्या थराचा वाटा किती, हे ठशावरून काढायचं असतं. समजा, ‘अ’ तेलात दोन शेंड्यांची उंची 10 आणि 5 आहे, म्हणजे गुणोत्तर 2. ‘ब’ तेलात ती 40 आणि 80 आहे, म्हणजे गुणोत्तर 0.5. दोन्ही निम्मं-निम्मं मिसळलं तर शेंडे 25 आणि 42.5 होतात आणि गुणोत्तर 0.59 येतं, 1.25 नव्हे. हे 0.59 कुणी 2 आणि 0.5 यांच्यामध्ये सरळ रेषेत बसवलं, तर ‘अ’चा वाटा 50 ऐवजी जेमतेम 6 टक्के निघेल आणि चांगला चालणारा थर बंद करण्याची शिफारस होईल! मिश्रणात उंची सरळ रेषेत बदलते, गुणोत्तर नाही. वाटा काढताना शेंड्यांची उंचीच वापरा आणि प्रयोगशाळेत ठाऊक प्रमाणात मिसळलेल्या नमुन्यांवर हिशेब पडताळा.

टक्केवारीचंही तसंच. बेरीज 100 ला बांधलेली असल्याने एक घटक वाढला की बाकीचे आपोआप घटतात आणि नसलेला संबंध दिसू लागतो. प्रधान घटक विश्लेषणाआधी (अनेक आकड्यांतला मुख्य फरक मोजक्या अक्षांवर आणणाऱ्या पद्धतीआधी) लॉग-गुणोत्तर, म्हणजे घटकांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम, घ्या. मोजण्याच्या मर्यादेखालच्या आकड्यांना शून्य लिहिलंत तर लॉगच निघणार नाही. मशीन लर्निंगचं मॉडेल तपासताना अख्खी विहीर बाजूला ठेवा. एकाच विहिरीचे काही नमुने शिकवायला आणि काही परीक्षेला दिले तर निकाल नुसताच छान दिसतो.

ठसे जुळले म्हणजे साठा जोडलेला, हेही खरं नाही. वेगळे कप्पे एकाच स्रोतातून भरलेले असू शकतात. उलट, किलोमीटरभर पसरलेलं तेल नुसत्या विसरणाने (रेणू आपोआप एकमेकांत मिसळत जाण्याने) एकजीव व्हायला लाखो वर्षं लागतात, त्यामुळे जोडलेल्या साठ्यातही फरक उरू शकतो. उत्पादन सुरू झाल्यावर शेजारच्या विहिरीत दाब कसा उतरतो, ते ठशासोबत ठेवूनच निर्णय घ्या.

आणि थर एकत्र चालू करण्याआधी प्रत्येक थराचं निव्वळ तेल दोन बाटल्या जास्त भरून ठेवा. एकदा एकत्र वाहू लागल्यावर तो नमुना सहजासहजी मिळत नाही.