कोंबडीच्या मांसातून साल्मोनेला वेगळा काढताना

पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रात किंवा सार्वजनिक आरोग्य विषयात पदव्युत्तर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना बाजारातील कोंबडीच्या मांसात साल्मोनेला हा अन्नविषबाधा घडवणारा जिवाणू शोधण्याचे काम करावे लागते. पद्धत पाठ्यपुस्तकांत दिलेली असते. मात्र प्रत्येक पायरी का आहे हे समजले नाही, तर जिवाणू नमुन्यात असूनही हाती लागत नाही. पुढील विवेचन आयएसओ 6579 या प्रमाणित पद्धतीला धरून आहे.

नमुना म्हणून मानेची कातडी घ्यावी. पिसे काढलेल्या कोंबडीचे धुण्याचे पाणी मानेकडे ओघळते आणि कातडीच्या सुरकुत्यांत जिवाणू टिकून राहतात. नमुना निर्जंतुक पिशवीत भरून बर्फाच्या पेटीतून आणावा, गोठवू नये, आणि शक्यतो त्याच दिवशी तपासणीस घ्यावा. दुकान, वेळ, कोंबडी कातडीसह विकली जात होती की कातडी काढून, आणि मांस तोडण्याचा ठोकळा लाकडी होता का, याची नोंद जागेवरच करावी. पुढे निष्कर्षांचा अर्थ लावताना या नोंदींइतके उपयोगी दुसरे काही नसते.

प्रयोगशाळेत 25 ग्रॅम नमुना 225 मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये (जिवाणूंना पोसणाऱ्या सौम्य द्रवात) मिसळून 34 ते 38 अंश सेल्सिअस तापमानात सुमारे 18 तास ठेवावा. वेळ वाचवण्यासाठी हीच पायरी गाळण्याचा मोह होतो, आणि तो कटाक्षाने टाळायला हवा. थंडीने किंवा कोरडेपणाने इजा झालेल्या पेशी जिवंत असतात, पण त्यांचे आवरण दुबळे झालेले असते; इतर जिवाणूंना मारण्यासाठी बनवलेल्या कडक माध्यमात त्या थेट टाकल्या, तर इतरांबरोबर त्याही मरतात. पेप्टोन वॉटर त्यांना आधी सावरू देते.

त्यानंतर दोन निवडक माध्यमे, म्हणजे साल्मोनेलाला वाढू देणारी पण इतर बहुतेक जिवाणूंना रोखणारी माध्यमे, वापरावीत. रापापोर्ट-व्हॅसिलियाडिस सोया माध्यमाच्या 10 मिलिलिटरमध्ये 0.1 मिलिलिटर संवर्ध (पेप्टोन वॉटरमध्ये जिवाणू वाढलेला द्रव) टाकून 41.5 अंशांवर, आणि म्युलर-कॉफमन टेट्राथायोनेट-नोव्होबायोसिन माध्यमाच्या 10 मिलिलिटरमध्ये 1 मिलिलिटर संवर्ध टाकून 37 अंशांवर, असे दोन्ही 24 तास ठेवावे. पहिल्या माध्यमात तापमान एका अंशानेही वाढले तरी वाढ मंदावू शकते, म्हणून यंत्राच्या आकड्यावर विसंबून न राहता आत वेगळा तापमापक ठेवावा.

मग एक्सएलडी अ‍ॅगार या थाळीतील घट्ट माध्यमावर आणि आपल्या निवडीच्या आणखी एका माध्यमावर सुट्या वसाहती (जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके) मिळतील अशा रेघा ओढाव्यात. एक्सएलडीचे रसायन समजून घेण्याजोगे आहे. साल्मोनेला आधी झायलोज आंबवतो, ते संपले की लायसीनकडे वळतो आणि माध्यम पुन्हा अल्कधर्मी होऊन लाल दिसू लागते. हायड्रोजन सल्फाइडमुळे वसाहतीचा मध्य काळा पडतो. ई. कोलाय लॅक्टोज व सुक्रोज आंबवत राहिल्याने पिवळाच राहतो. मात्र प्रोटियस या दुसऱ्या जिवाणूच्या काही वसाहतीही काळ्या मध्याच्या दिसतात, तर साल्मोनेलाचे काही प्रकार हायड्रोजन सल्फाइड तयारच करत नाहीत. त्यामुळे केवळ रंगावरून निष्कर्ष काढू नये आणि संशयित वाटणारी फिकट वसाहतही सोडू नये.

खात्रीसाठी टीएसआय (तीन शर्करा व लोह असलेले माध्यम), युरिएज आणि लायसीन या जैवरासायनिक चाचण्या कराव्यात. युरिएज चाचणीत प्रोटियस सहसा उघडा पडतो. प्रतिरक्तद्रवाने (प्रतिपिंडे असलेल्या रक्तद्रवाने) समूहन, म्हणजे जिवाणूंच्या गुठळ्या होणे, तपासण्याआधी वसाहत केवळ मिठाच्या पाण्यात आपोआप गोळा होत नाही ना, हे पाहावे. साल्मोनेलाच्या इनव्हीए (invA) जनुकाची पीसीआर चाचणी उपयुक्त आहे, पण तीही ज्ञात सकारात्मक आणि नकारात्मक नियंत्रणांसहच ग्राह्य धरावी.

प्रतिजैविकांची संवेदनशीलता म्युलर-हिंटन अ‍ॅगारवर चकती पद्धतीने तपासता येते. कोलिस्टिन या प्रतिजैविकासाठी मात्र ही पद्धत विश्वासार्ह नाही. त्यासाठी द्रव माध्यमातील सूक्ष्म-विरलन पद्धतच (औषध टप्प्याटप्प्याने पातळ करून जिवाणूची वाढ पाहण्याची पद्धत) वापरावी. भारताने 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली आहे, म्हणून या औषधाबाबतचा चुकीचा आकडा विशेष नुकसान करतो.

निष्कर्षात ‘25 ग्रॅममध्ये आढळला’ किंवा ‘25 ग्रॅममध्ये आढळला नाही’ इतकेच लिहावे. मांसात साल्मोनेला सापडला म्हणून एखाद्याच्या आजाराचे कारण सापडले, असे होत नाही. या जिवाणूचा इतिहासच याची साक्ष देतो: 1885 मध्ये अमेरिकेत डॅनियल साल्मन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थिओबाल्ड स्मिथ यांनी तो आजारी डुकरांतून वेगळा केला आणि तोच हॉग कॉलरा या डुकरांच्या रोगाचे कारण मानला गेला, पण तो रोग विषाणूजन्य असल्याचे पुढे सिद्ध झाले. मांसातील आणि रुग्णातील जिवाणू एकच आहेत असे म्हणायचे असेल, तर दोघांच्या जनुकक्रमांची तुलना करावी लागते.

शुद्ध संवर्ध ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर जतन करून त्याच्या कुपीवर नमुन्याच्या नोंदवहीतील क्रमांक लिहावा, आणि वापरलेल्या सर्व थाळ्या व नळ्या 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय प्रयोगशाळेबाहेर जाऊ देऊ नयेत.