‘थ्री इन्व्हेस्टिगेटर्स’ पुन्हा जमवताना: साल नको, शेवटचे प्रकरण बघा

‘थ्री इन्व्हेस्टिगेटर्स’ ही तीन शाळकरी गुप्तहेरांची इंग्रजी रहस्यकथांची मालिका. लहानपणी वाचलेली तिची पुस्तके पुन्हा जमवायची तर आधी यादी करा, आणि ती आठवणीतून करा. मूळ मालिकेतल्या ४३ पुस्तकांची नावे समोर घेऊन बसलात की सगळीच वाचल्यासारखी वाटू लागतात. त्यापेक्षा जे आठवते ते लिहून काढा: मुखपृष्ठावर पोपट होता की ममी, पुस्तक केवढे होते, त्या मुलांच्या अड्ड्यात गुपचूप शिरायची कुठली वाट तुम्ही घरी करून बघितली होती. नावे मागाहून जुळवता येतात.

मग शोधायला लागा. सुटी पुस्तके वेचण्यापेक्षा गठ्ठा मिळाला तर तोच उचला. दुबार निघतील ती अदलाबदलीला उपयोगी पडतात.

खरी गोची यापुढे आहे. जुन्या मजकुराची प्रत ओळखायला बहुतेक जाणकार ‘कॉपीराइटचे साल बघा’ एवढे सांगून मोकळे होतात. मीही तेच ऐकून ‘द सीक्रेट ऑफ टेरर कॅसल’ घेतले. आत स्पष्ट छापलेले: १९६४. खुशीत वाचायला बसलो, तर रहस्यपटांचा प्रसिद्ध दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याच्या जागी रेजिनाल्ड क्लार्क नावाचा कोणी दिग्दर्शक! पहिले दोन दिवस मी स्वतःच्या स्मरणशक्तीलाच दोष देत होतो.

झाले होते ते असे. मालिका लेखक रॉबर्ट आर्थरने सुरू केली. हिचकॉकने त्यातली एक ओळही लिहिली नव्हती, नाव तेवढे वापरू दिले होते. पण पुस्तकात तो पात्र म्हणून वावरायचा. सुरुवातीला त्याच्या नावाने मिश्कील प्रस्तावना असायची आणि शेवटी ज्युपिटर, पीट, बॉब हे तिघे गुप्तहेर त्याच्या ऑफिसात जाऊन सुटलेल्या कोड्याचा हिशेब द्यायचे. १९८० मध्ये हिचकॉक गेला. नव्या पुस्तकांत त्याच्या जागी हेक्टर सेबॅस्टियन हा काल्पनिक रहस्यकथालेखक आला, आणि पुढे जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणांतूनही हिचकॉकला काढून टाकले; माझ्या प्रतीतला क्लार्क तिथूनच आला. कॉपीराइटच्या ओळीत मात्र जुने साल तसेच राहिले, कारण ते मूळ मजकुराचे असते. म्हणजे गोष्ट कधीची ते साल सांगते. हातातली प्रत कधीची, ते नाही.

म्हणून विकणाऱ्याकडे मुखपृष्ठाचा फोटो मागत बसू नका. तो बऱ्याचदा दुसऱ्याच प्रतीचा, कुठून तरी उचललेला असतो. तीन पानांचे फोटो मागा: कॉपीराइटचे पान, पहिल्या प्रकरणाच्या आधीचे पान आणि शेवटच्या प्रकरणाचे एक पान. यातले शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. तिथे मुले कोणासमोर बसली आहेत ते वाचले की निकाल लागतो. कॉपीराइटच्या पानावर आकड्यांची रांग असेल तर तिच्यातला सर्वांत लहान आकडा हे मुद्रण कितवे ते सांगतो. रांग नसेल तर अंदाज बांधू नका. आणि तीन फोटो काढायचा ज्याला कंटाळा, त्याच्याकडून घेऊ नका. मी दोनदा भिडेखातर घेतले. एकात शेवटची पाने नव्हतीच.

नॅन्सी ड्रू या मुलगी-गुप्तहेराची मालिका जमवणाऱ्यांचे दुखणे असेच आहे, उपाय मात्र सोपा. तिची सुरुवातीची पुस्तके १९५९ पासून नव्याने लिहून आटोपशीर केली गेली; साधारणपणे जुन्यात २५ प्रकरणे, नव्यात २०. मोजली की कळते.

आता कोणता मजकूर खरा, या वादात पडू नका. तुम्ही लहानपणी सेबॅस्टियनवाली प्रत वाचली असेल तर तुमची तीच. ‘पहिली आवृत्ती, पेपरबॅक’ असे म्हणून कोणी जास्त पैसे मागू लागला तर मात्र सरळ उठा. १९६४ मध्ये ‘टेरर कॅसल’ पुठ्ठा बांधणीत आले होते; पेपरबॅक नंतरच्या.

घरी आणल्यावर फार उद्योग नको. कुबट वास असेल तर झाकणाच्या डब्यात खाण्याच्या सोड्याची उघडी वाटी ठेवून शेजारी पुस्तक ठेवा, सोडा पानांना लागू देऊ नका. चिकटपट्टी कधीही लावू नका. पुस्तके उभी ठेवा, उन्हापासून लांब. जुन्या पेपरबॅकचा डिंक कडक झालेला असतो, म्हणून वाचताना पूर्ण उघडून सपाट करू नका, नाहीतर पाने सुटून हातात येतील.

वाचताना एका दमात पाच-सहा संपवू नका. तिसऱ्यालाच साचा दिसायला लागतो आणि ज्युपिटरचा शहाणपणा डोक्यात जातो. मी महिन्याला एक वाचतो. लहानपणी निसटलेल्या गोष्टी आता दिसतात. माहिती काढायला तिघांनी प्रत्येकी पाच मित्रांना फोन करायचा, त्या प्रत्येकाने आणखी पाच जणांना: एकट्या तिसऱ्या फेरीत ३७५ मुले कामाला लागतात! हा हिशेब मी तेव्हा कधी केलाच नव्हता.

आधीच्या मालकाचे नाव, शाळेची इयत्ता, वाढदिवसाची सही, काहीही खोडू नका. अपवाद एकच. माझ्या एका प्रतीत कोणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलने गुन्हेगाराचे नाव लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. ते मी खोडले, पण वाचून झाल्यावर.